घोडबंदरला घोडा उभारावा का?

घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या भागातल्या काही सोसायट्यांनी मिळून थोडे पैसे जमवलेत आणि चौकातल्या बागेचा एक कोपराही मिळेल असं दिसतंय. तिथे ‘प्राचीन व्यापारी मार्गाचं स्मारक’ करायचा बेत आहे. घोडबंदर म्हणून फायबरचा उधळलेला घोडा आणि खाली काळ्या ग्रॅनाइटवर माहिती. बाई विचारतात, रस्त्याकाठच्या अशा स्मारकानं लोकांच्या लक्षात खरंच काही राहतं का? आणि राहिलं तर नेमकं काय राहतं?

बाई, आधी माझी बाजू सांगून टाकतो. ठाणे-रायगड पट्ट्यातल्या जुन्या वाटांवरचे कोरीव दगड, पाण्याची टाकी, मैलाचे दगड यांची नोंद ठेवायचं काम मी सव्वीस वर्षं करतोय. मधूनमधून माहितीफलकांचा मजकूर लिहून देतो आणि त्याचे पैसेही घेतो. तरी सांगतो, फलक कुणी वाचत नाही. एका तलावाकाठी मी लिहिलेला दोनशे शब्दांचा फलक लागला, तेव्हा समोरच्या टपरीवर दोन कटिंग होईपर्यंत मुद्दाम बसून राहिलो होतो. एकानं फलकाला टेकून बुटाची नाडी बांधली. एका आजींनी त्याच्या सावलीत भाजीची पिशवी ठेवली. बस्स. पुढे त्याच्या तोंडाशी विजेची डीपी बसली. आता बाजूनं वाकून पाहिलं तर शेवटची ओळ तेवढी दिसते, ‘म्हणून हे स्थळ महत्त्वाचे आहे.’ कशामुळे, ते डीपीच्या मागे राहिलं.

पण स्मारकानं काहीच होत नाही असं मात्र म्हणणार नाही. वाटेवरच्या माणसाला त्या जागी काहीतरी करावं लागलं, खिशात हात घालावा लागला, ओंजळ पुढे करावी लागली, की ती जागा पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मात्र तिथे काय आठवलं जाईल, ते आपण ठरवू तसंच होतं असं नाही.

तुम्ही मुलांना घेऊन एकदा नाणेघाटात जा. कल्याण, मुरबाड, टोकावडे करत वैशाखऱ्याच्या पुढे उतरायचं आणि जुन्या पायवाटेनं घाट चढायचा. ही कल्याण बंदराहून जुन्नरला जाणारी सातवाहनांच्या काळातली वाट. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत कल्याणचं नाव ‘कल्लिएना’ असं येतं, कान्हेरीच्या लेखांमध्ये कल्याणचे दानशूर भेटतात. म्हणजे आपल्या लोकलच्या इंडिकेटरवर दिवसभर दिसणारं हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी खलाशांच्या वहीत होतं.

माथ्याच्या जरा अलीकडे गुहा आहे. तिच्या भिंतींवर नागनिका राणीच्या वेळचा मोठा ब्राह्मी लेख आहे आणि मागच्या भिंतीशी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, पायांच्या खुणा उरल्या, आणि वर नावं राहिली: सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजे हीच नागनिका), सिरि सातकनि, महारठी त्रनकयिर. ‘महारठी’ हा शब्द मुलांना बोट ठेवून दाखवा, त्यांचे डोळे मोठे होतात. आता लेखात काय आहे ते बघा. अश्वमेध आहे, राजसूय आहे, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं म्हणजे तेव्हाची नाणी यांचे आकडे आहेत. भारतातल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांपैकी एक म्हणून अभ्यासक या लेखाला मानतात. पण ज्या वाटेवर तो कोरलाय, त्या वाटेनं काय जायचं, कोण न्यायचं, याबद्दल त्यात एक शब्द नाही. घाट ज्यांच्या जिवावर चालायचा त्यांना राजा-राणीच्या यज्ञांची यादी वाचायला ठेवली होती, आणि त्यांतल्या किती जणांना वाचता येत होतं हा प्रश्न तेव्हाही होताच.

माथ्यावर आलात की दगडात कोरलेला मोठा रांजण लागतो. त्यावर अक्षर नाही, नक्षी नाही. पण घाट चढून आलेला प्रत्येक जण त्याच्याशी थांबतो, आत डोकावतो आणि बरोबरच्याला सांगतो, ‘यात जकातीचे पैसे टाकायचे. दिवसभरात भरून जायचा म्हणे.’ ही गोष्ट ऐकीव आहे. रांजण जकातीचाच होता असं रांजणावर कुठे लिहिलेलं नाही. पण हा व्यापारी मार्ग होता, इथे माल यायचा आणि पैसे मोजले जायचे, एवढं सामान्य माणसाला कळतं ते या मुक्या दगडामुळे. शंभरातल्या नव्वद जणांना नागनिकेचं नाव परतीच्या एसटीत आठवत नाही, रांजण मात्र घरी पोचतो.

तिथेच आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फार थोडे जण वळतात. घाटातल्या पाण्याच्या टाक्यांपैकी एकावर छोटासा लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासानं दिलेली ही पोढी, एवढंच. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. किनाऱ्यावरचा हा गृहस्थ घाटमाथ्याशी येऊन वाटसरूंसाठी पाणी ठेवून जातो आणि आपलं नाव घालतो. माझ्या मते त्या वाटेवरचं सगळ्यात प्रामाणिक स्मारक हेच. त्याचा धागा पुढे लागेल.

आता दुसरी वाट, पनवेलहून बोरघाटाची. पुलांचा जमाना यायच्या आधी मुंबईचा माणूस पुण्याला निघाला की होडीनं पनवेलच्या बंदराला उतरायचा, तिथून चौक, खोपोली करत घाट चढायचा. बेलापूर, खारघर, कळंबोली इथं आज राहणाऱ्यांच्या खिडकीखालून तीच दिशा जाते, फक्त पाठीवर गोणी घेतलेल्या बैलाच्या जागी न्हावा-शेव्याहून निघालेला ट्रेलर आला. आपण त्याला ट्रॅफिक म्हणतो आणि शिव्या घालतो. लमाणांचा हजार बैलांचा तांडा अडवून उभा असताना तेव्हाचे लोकही काही ओव्या गात नसतील.

या घाटातल्या शिंगरोबाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. जुन्या हायवेवर, खोपोली सोडून चढ लागल्यावर एका वळणाशी छोटं देऊळ आहे. मी लहानपणी ठाण्याहून एसटीनं पुण्याला मामाकडे जायचो. घाट सुरू झाला की गाडीत हालचाल व्हायची. मागच्या बाकांवरून सुटे पैसे हातोहात खिडकीकडच्या माणसाकडे यायचे. माझी आई पदराच्या गाठीतून दहा पैशांचं नाणं काढून माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, ‘जोरात टाक रे, रस्त्यात नको पडायला.’ ड्रायव्हर एका हातानं स्टिअरिंग धरून दुसरा हात कपाळाला लावायचा. गाडी थांबायची नाही, पण गिअर मात्र बदलायचा. ते नाणं दगडावर पडून टणकन वाजलं की बरं वाटायचं. देव कसला, कुणाचा, हे मग आईनं सांगितलं.

गोष्ट अशी की इंग्रज साहेबाला घाटातून वाट काढता येईना. शिंगरोबा नावाच्या धनगरानं आपली गुरं न्यायची वाट दाखवली. साहेब म्हणाला, इनाम माग. धनगर म्हणाला, आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या. साहेबानं गोळी घातली. कुणी ही गोष्ट रेल्वेची म्हणून सांगतो, कुणी रस्त्याची.

इतिहास म्हणून तपासायला गेलात तर हाती फार लागणार नाही. गाड्या जातील असा रस्ता १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या वेळी खुला झाला, रेल्वेचा घाट १८६३ मध्ये. मधली तेहतीस वर्षं गोष्टीनं गिळून टाकली. शिवाय या डोंगरातली वाट कुणा साहेबाची वाट बघत थांबली नव्हती. वर कार्ले, भाजे, बेडसे, खाली कोंडाणे, ही लेणी अशा ये-जा असलेल्या वाटांच्या आधारानंच कोरली गेली. पण गोष्ट खोटी म्हणून सोडून देऊ नका. बोरघाटाच्या रेल्वेवर १८६१ च्या सुमाराला एका वेळी चाळीस हजारांवर मजूर होते. पटकीनं, तापानं, सुरुंगांनी किती गेले त्याची नावनिशी नाही. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, ठेका पुढे चालवला. या दोघांची नावं आपल्याला माहीत आहेत. पाट्या डोक्यावर घेतलेल्या माणसांचं नाव म्हणून घाटात एकच उभं आहे, ते शिंगरोबाचं. हजारोंची आठवण एका धनगरावर येऊन बसली आणि दर फेरीला नाणं टाकून ती ताजी ठेवली गेली. २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पुरता सुरू झाला आणि त्यावरून जाणाऱ्यांच्या वाटेतून देऊळच गेलं. माझ्या पुतणीला शिंगरोबा माहीत नाही. तिला फूड मॉल माहीत आहे.

त्याच घाटात अमृतांजन पूल होता. इंग्रजी अमदानीतला दगडी पूल, लोक त्याला १८३० सालचाच समजायचे. पण पुलाला नाव पडलं ते तिथल्या बामाच्या जाहिरातीवरून. गव्हर्नर गेला, अभियंता गेला, डोकेदुखीचं औषध राहिलं. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, पूल सुरुंग लावून पाडला. आजही घाटात कुठे अडकलात म्हणून फोन केला तर समोरचा विचारतो, ‘अमृतांजनच्या अलीकडे की पलीकडे?’

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, काय राहतं. वाटेवर जी स्मारकं आपण ठरवून उभारतो, त्यांत व्यापार जवळपास कधीच नसतो. उंबरखिंडीत चावणी गावाजवळ समरभूमीचं स्मारक आहे. २ फेब्रुवारी १६६१ ला शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाला तिथे कोंडीत पकडलं. स्मारक हवंच, त्यात वाद नाही. पण खान त्या वाटेनं का आला, तर वाट होती म्हणून. देश आणि कोकण जोडणारी, माल वाहणारी वाट. कल्याणच्या दुर्गाडीवर गेलात तर मराठी आरमाराची आठवण निघते, आणि ती रास्तच आहे. पण महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली ती तिथे बंदर आणि पेठ होती म्हणून, हे कुणी सांगत नाही.

आणि आपलं ठाणं. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे, तीन इंजिनं, हे सगळं शाळेतल्या मुलांना पाठ आहे. पण रेल्वेच्या कंपनीच्या डोळ्यांपुढे होता तो वऱ्हाड-खानदेशचा कापूस. तो बैलांच्या पाठीवरून घाट उतरेपर्यंत धुळीनं आणि पावसानं खराब व्हायचा, म्हणून मँचेस्टरवाल्यांना रूळ हवे होते. स्टेशनाबाहेर इंजिनाचं चित्र काढतात, कापसाचा गठ्ठा काढलेला मी पाहिला नाही. इंजिन दिसायला छान असतं, गठ्ठ्यासोबत सेल्फी कोण घेणार?

उलटही होतं. दगड ज्यासाठी रोवला ते विसरतं आणि दगड भलतंच काम करतो. शिलाहारांच्या राज्यात, म्हणजे ठाण्याचं नाव श्रीस्थानक होतं तेव्हा, जमिनीच्या दानाचे दगड रोवायचे. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री. दान मोडेल त्याला दिलेली ती शिवी, त्याला गधेगळ म्हणतात. परळचा बाराव्या शतकातला लेख वर्गात मोठ्यानं वाचण्यासारखा नाही, एवढंच सांगतो. या पट्ट्यात असे दगड वेशीवर, वाटेच्या कडेला सापडतात आणि बहुतेक ठिकाणी शेंदूर लागून त्यांचा देव झालेला असतो. शेंदरानं अक्षरं बुजतात म्हणून आम्ही हळहळतो. पण शेंदूर नव्हता त्या एका गधेगळीचं काय झालं तेही पाहिलंय. रस्तारुंदीकरणात एका रात्रीत जेसीबीनं उचलली आणि भरावात घातली. मी सकाळी पोचलो तेव्हा मुकादम म्हणाला, ‘साहेब, शेंदूर असता तर आमची पोरं हात लावायला धजली नसती.’ मी तिची मापं आणि फोटो घेऊन ठेवले होते, ते माझ्या कपाटात आहेत. तो दगड मी गेलो तिथून पंधरा पावलांवर कुठेतरी डांबराखाली आहे.

मुंबईतल्या मैलाच्या दगडांचंही तेच झालं. फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजणारे, रोमन आकडे कोरलेले बसाल्टचे दगड. फूटपाथ दर काही वर्षांनी उंच होत गेला आणि दगड कमरेपर्यंत, मग गळ्यापर्यंत गाडले गेले. आता काही वर काढलेत, साफ केलेत. छान झालं. पण त्यांच्यावरून आता कुणी अंतर मोजत नाही, म्हणून मला त्यांच्या भविष्याची खात्री वाटत नाही.

ठाण्यात या वाटांची खरी स्मारकं तुमच्या रिक्षावाल्याच्या तोंडात आहेत. कोर्ट नाका, जांभळी नाका, तीन हात नाका, कापूरबावडी, चेंदणी बंदर, कोलशेत बंदर, नागला बंदर. नाका म्हणजे माल अडवून पैसे घ्यायची जागा, बावडी म्हणजे पाणी, बंदर म्हणजे उतार. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपली, पण ‘मुलुंड चेकनाका’ बसच्या पाटीवर ठाम आहे. मुलांना एक दिवस नकाशा देऊन अशी नावं शोधायला लावा. हा उद्योग फुकटातला आहे आणि तुमच्या घोड्यापेक्षा जास्त शिकवेल.

घोड्याबद्दल. अरबी घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं सगळेच सांगतात आणि सांगायला हरकत नाही. पण चौकात एकदा उधळलेला घोडा उभा राहिला की दहा वर्षांत तो कुणा सेनापतीचा होईल. कुणीतरी वर भगवा लावील, कुणी जयंतीला हार घालील, आणि लढाई कुठली झाली ते शोधायला लोक माझ्याकडे येतील. त्या घोड्याच्या पायाखाली तुमच्या खाडीचा बाकीचा सगळा माल झाकला जाईल. मिठागरांचं मीठ घाट चढून देशावर जायचं आणि परतीच्या गोण्यांत धान्य यायचं. मचव्या-पडावांतून भात, लाकूड, कौलं यायची. तुमच्या सोसायटीचे टॉवर ज्या रेतीनं उभे राहिले ती रेती तर परवापर्यंत याच बंदरांवर उतरत होती आणि पाण्यात बुडी मारून ती काढणारी माणसं अजून गावात आहेत.

म्हणून माझा सल्ला, पाणपोई करा. हसू नका. गोविंददासानं घाटात पोढी दिली. नाना फडणवीसांनी बोरघाटाच्या पायथ्याला खोपोलीत तलाव आणि महादेवाचं देऊळ बांधलं. मुंबईत भात बाजारात धान्याच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांची सोय असलेली केशवजी नायकांची प्याऊ १८७६ पासून उभी आहे. आणि आपल्याकडे आजही कुणी गेलं की घरचे नाक्यावर माठ किंवा कूलर ठेवतात, वर संगमरवरी पाटी, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. ती पाटी लोक वाचतात, कारण पाणी पिताना नजर तिच्यावरच जाते. व्यापारी वाटेवर पाणी देणं हा इथला दोन हजार वर्षांचा रिवाज आहे, तुम्हाला नवीन काही शोधायचं नाही.

जागा बागेत नको. बागेत माणूस घरून बाटली घेऊन येतो. बसस्टॉपच्या मागे घ्या, जिथे घरकाम करणाऱ्या बायका, डिलिव्हरीची मुलं आणि ट्रेलरचे क्लीनर थांबतात. फायबर नको, दगड घ्या आणि तो बसाल्टचा, वडारांकडून टाकीचे घाव ठेवून घडवून घ्या, गुळगुळीत ग्रॅनाइट उन्हात चमकतं आणि वाचता येत नाही. नळाच्या उंचीला, वाकलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर, तीनच शब्द मोठ्या अक्षरात कोरा: मीठ, भात, रेती. घोडा हवाच असेल तर वीतभर कोरा, पाठीवर स्वाराऐवजी गोणी असलेला. पाण्याच्या जोडणीचं आणि टाकी धुवायचं काम कोण करणार ते आधी लिहून घ्या, बहुतेक पाणपोया तिथेच मरतात. मजकूर मी लिहून देईन, तीन शब्दांचे पैसे घेत नाही.

आणि खाली, जमिनीलगत, दगडातच एक उथळ कुंडी ठेवा, सांडलेलं पाणी तिच्यात जाईल अशी. पूर्वी ती बैलांसाठी असायची. आता नाक्यावरची कुत्री पितील.